वेशीवरचे वीर : सातारा-सांगलीच्या वीरगळांविषयी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गावात ग्रामदैवताच्या देवळाभोवती, पिंपळाच्या पारापाशी किंवा पडक्या वेशीला टेकून काही कोरीव शिळा उभ्या असलेल्या दिसतात. बहुतेक शिळा माणसाच्या कमरेइतक्या उंच, क्वचित छातीइतक्या. रुंदी हात-दीड हात. ऊन-पावसाने झिजलेल्या काळ्या दगडावर घोडे, ढाली, हात जोडून बसलेली माणसे आणि माथ्याशी सूर्य-चंद्र एवढे ओळखू येते. या कोणाच्या, असे विचारले तर गावागणिक वेगळे उत्तर मिळते. कोणी म्हणतो, भैरोबाचे शिपाई आहेत. कोणी म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले तेव्हा उरलेले दगड आहेत. कोणी नुसताच नमस्कार करतो. त्या शिळेखाली ज्याची आठवण आहे त्या माणसाचे नाव मात्र सहसा कोणालाच सांगता येत नाही.

या शिळांना वीरगळ म्हणतात. हा शब्द कानडीतून आपल्याकडे आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो ‘वीरगल्लु’, आणि मराठी जिभेवर त्याचा वीरगळ झाला. शब्दाच्या या प्रवासातच या प्रदेशाचा अर्धा इतिहास आहे. जत तालुक्यात आजही मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलल्या जातात. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हेसुद्धा पूर्वी असे वेगळे नव्हते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा मुलूख आणि जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा करण्यात आला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या खोऱ्यातील या सलग पट्ट्याला शिळांनी तरी कधी दोन मानलेले नाही.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. आपली नजर पुस्तकाला सरावलेली असते म्हणून आपण वरून सुरुवात करतो आणि गोंधळतो. शिळेचा दर्शनी भाग आडव्या पट्ट्यांनी तीन किंवा चार कप्प्यांत विभागलेला असतो. सर्वांत खालच्या कप्प्यात बहुधा वीर मरून आडवा पडलेला असतो. पुष्कळ शिळांवर त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असतात. त्याच्या वरच्या कप्प्यात लढाई असते. वीराच्या हातात ढाल-तलवार, समोर एक किंवा अनेक शत्रू, कधी घोडेस्वार. तिसऱ्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी हात देऊन विमानातून वर नेत असतात. चौथ्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो आणि लिंगाच्या दुसऱ्या बाजूला पुजारी असतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन अंगांना सूर्य व चंद्र. मरण, मरणाचे कारण, मरणानंतरचा प्रवास आणि प्रवासाचा शेवट, अशी ही चार पायऱ्यांची कथा आहे. ती एकही अक्षर न लिहिता सांगितलेली आहे, कारण ज्यांच्यासाठी ती कोरली त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते.

खालच्या कप्प्यातील गाईंना महत्त्व आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा भाग पावसाच्या छायेतला. इथे जमिनीपेक्षा जनावर हीच खरी मालमत्ता होती. शेजारच्या टोळीने किंवा शत्रूच्या सैन्याने गावावर घाला घातला की पहिल्यांदा गुरे हाकून नेली जात. महाभारतात विराटाच्या गाई कौरवांनी पळवल्याची कथा आपल्या परिचयाची आहे. तेच गोग्रहण इथे शतकानुशतके प्रत्यक्षात घडत होते. गुरांच्या मागे धावून जाणारा आणि परत न आलेला गावातला कोणी तरुण गुराखी, कोणी पाटलाचा मुलगा, असे हे वीर होत. त्यांच्या शेजारीच राजासाठी लढाईत पडलेल्या शिपायांचेही वीरगळ आहेत. पण गुरे राखताना मेलेल्याला गावाने तोच मान दिला, हे या शिळांचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. भारतातील सर्वांत जुन्या लेखयुक्त वीरशिळांपैकी काही तमिळनाडूत तेनी जिल्ह्यातील पुलिमानकोंबई येथे २००६ मध्ये सापडल्या. त्यांची लिपी तमिळ-ब्राह्मी आहे, आणि तेथील एका शिळेवरही गाईंच्या लुटीचाच उल्लेख आहे. म्हणजे ही चाल किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली होती हे ध्यानात येईल.

आपल्याकडील बहुतेक वीरगळ साधारणपणे अकराव्या शतकापासून पुढच्या तीन-चारशे वर्षांतले मानले जातात. त्या काळी कऱ्हाड हे मोठे नाव होते. त्याच्याही हजार वर्षे आधी, भारहूतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत कऱ्हाडच्या व्यापारी नगराचे नाव कोरले गेले होते. शहराशेजारच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची लेणी आहेतच. अकराव्या-बाराव्या शतकांत या भागावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांच्या एका राजकन्येचे कऱ्हाड येथील स्वयंवर काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या बिल्हण कवीने आपल्या काव्यात वर्णिले आहे. तिने कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याला वरले. पुढे १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या यादव सिंघणाने शिलाहार दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि हा मुलूख यादवांकडे गेला. चालुक्य, शिलाहार, यादव यांच्या या ओढाताणीत किती माणसे पडली याचा हिशेब ताम्रपटांत नाही. ताम्रपटांत राजे आहेत, दाने आहेत, बिरुदे आहेत. पडलेल्या माणसांचा जो काही हिशेब आहे तो देवळाबाहेर उघड्यावर उभा आहे.

आता या शिळांमागची श्रद्धा पाहू. युद्धात पाठ न दाखवता मेलेल्याला स्वर्ग मिळतो ही कल्पना गीतेमुळे सर्वांना ठाऊक आहे. वीरगळावर ती कल्पना आणखी एक पाऊल पुढे जाते. अप्सरांच्या सहवासातला स्वर्ग हा तिसराच कप्पा आहे, शेवटचा नव्हे. त्याच्याही वर वीर एकटा आपल्या देवापुढे बसतो. आता त्याच्या हातात शस्त्र नाही. ज्या शिल्पकाराने ढाल, तलवार, घोड्याचा लगाम इतक्या हौसेने कोरला त्याने वरच्या कप्प्यात ते सारे काढून घेतले, हे मला नेहमी विचार करायला लावते. वीर जैन असेल तर लिंगाच्या जागी जिनाची मूर्ती असते, म्हणजे शेवटचा कप्पा ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे बदलत असे. खालचे मरण मात्र सर्वांचे सारखेच. सूर्य आणि चंद्र हे साक्षीदार. जोवर ते आहेत तोवर ही आठवण राहील, असा त्यांचा अर्थ. जमिनीच्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ हा शब्द येतो तो याच अर्थाने, आणि दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गधेगळांवरही हीच सूर्य-चंद्राची जोडी माथ्यावर असते.

आपल्याला हे फार परके वाटू नये. मृतांच्या दिनी, २ नोव्हेंबरला, आपण कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि नावे घेऊन प्रार्थना करतो. मुंबई-वसई भागात रस्त्याच्या कडेला जे जुने क्रूस दिसतात त्यांतील काही १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या आठवणीचे आहेत. बोरिवलीचे आपले वाचक तर वीरगळांचे शेजारीच आहेत. तेथील एक्सरचे वीरगळ महाराष्ट्रात नावाजलेले असून त्यांच्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणाऱ्या नावाड्यांच्या रांगाही त्यांत दिसतात. मेलेल्या माणसाचे नाव दगडावर सोपवून ठेवण्याची ओढ धर्माधर्मांत फारशी वेगळी नाही. वेगळे आहे ते मरणानंतर काय होते याविषयीचे उत्तर. आणि ते उत्तर त्या लोकांनी आपल्याला कप्पे पाडून स्पष्ट दिले आहे. आपण ते वाचायला शिकलो नाही, एवढेच.

वीरगळांच्या रांगेतच आणखी एक शिळा असते. तिच्यावर एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकवलेला स्त्रीचा उजवा हात कोरलेला असतो. पंजा उघडा, बोटे वर, मनगटात बांगड्या. ही सतीशिळा. बांगड्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे ती विधवा झालीच नाही, असे ते चिन्ह सांगते. काही ठिकाणी हात आणि वीर एकाच दगडावर आहेत. या शिळेपुढे उभे राहताना इतिहासाच्या अभ्यासकाने आपले तोंड गोड करून घेऊ नये असे माझे मत आहे. वीराच्या शिळेवर त्याचे मरण दाखवले आहे, कारण दाखवले आहे, शत्रू दाखवला आहे. स्त्रीच्या शिळेवर फक्त हात आहे. तिचा चेहरा बहुधा नसतो, आणि तिला काय वाटले याला तर कप्पाच नाही.

साताऱ्याजवळच, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुली आहे. छत्रपती शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले तेव्हा त्यांची राणी सकवारबाई सती गेली. ग्रँट डफने लिहिलेला वृत्तांत वाचला तर कळते की ते जाणे सरळ नव्हते. राणीने आधी बोलून दाखवलेला सती जाण्याचा निश्चय दरबारातील विरोधकांनी तिच्यावरच उलटवला; गादीच्या वारशाच्या राजकारणात तिला बाजूला करण्याचा तोच सोयीचा मार्ग ठरला. इथे निदान कागद आहे, म्हणून आपल्याला आतली गोष्ट थोडी तरी दिसते. गावोगावच्या त्या बांगड्यांच्या हातांमागे काय घडले ते दिसत नाही. पुढे याच सातारच्या गादीवरील अखेरचे राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी आपल्या राज्यात ही चाल बंद केली. त्यांची कारकीर्द १८३९ ते १८४८. या शिळा जपायच्या त्या त्या स्त्रियांची आठवण म्हणून. त्या चालीचा गौरव म्हणून नव्हे. त्याच माहुलीत शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचेही स्मारक दाखवतात. वाघापासून त्याने धन्याला वाचवले, असे सांगतात. कुत्र्याची गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. राणीची फार थोड्यांच्या.

नावे का विसरली गेली, हा प्रश्न उरतो. कर्नाटकात पुष्कळ वीरगळांवर लेख आहेत: कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या लढाईत, कोणत्या वर्षी. आपल्याकडचे बहुसंख्य वीरगळ मुके आहेत. ज्यांनी शिळा उभी केली त्यांना नाव ठाऊकच होते, त्यामुळे लिहिण्याची गरज भासली नसावी. नाव पुढे नेण्याचे काम त्यांनी घरातल्या माणसांवर टाकले. पण ती माणसे गावात राहिली पाहिजेत ना! १३९६ पासून महाराष्ट्रात जो दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तो लोककथांप्रमाणे बारा वर्षे टिकला, असे ग्रँट डफने नोंदले आहे. मुलूख ओस पडला आणि पुढची कित्येक वर्षे वसाहत पुन्हा धड उभी राहिली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या वीरगळांची नावे पुसली गेली ती बरीचशी अशा काळातच. गावे पुन्हा वसली तेव्हा आलेल्या नव्या माणसांना शिळा सापडल्या, पण त्यांच्या मागची घरे सापडली नाहीत.

मग नव्या माणसांनी त्यांना आपल्या परीने नवा अर्थ दिला. कुठे वीर भैरोबा झाला, कुठे म्हसोबा. शेंदूर लागला, अमावास्येला नारळ फुटू लागला. धनगर समाजाच्या देवतांत अशा मृत वीरांचे धागे कसे मिसळले आहेत, हे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी दाखवून दिले. आरेवाडीचा बिरोबा, म्हसवडचा सिद्धनाथ यांच्या मुलखात त्यांना रस होता. धनगरांच्या ओव्या त्यांनी वर्षानुवर्षे ऐकल्या आणि नोंदवल्या. १९८२ मध्ये धारवाडहून प्रसिद्ध झालेला स्मारकशिळांवरील मोठा ग्रंथ त्यांनी इतिहासकार एस. सेट्टर यांच्याबरोबर संपादित केला. १९९२ मध्ये ते निवर्तले. परदेशातून येऊन आपल्या माळरानावरच्या दगडापाशी बसून राहणारा असा माणूस विरळाच.

शेंदराने शिळेचे कोरीवकाम झाकले, पण शिळा वाचली. जिथे कोणताच देव तिच्यात आला नाही तिथे तिची गत अधिक वाईट झाली. ओढ्याकाठी धुण्याचा दगड, गोठ्याची पायरी, विहिरीच्या काठाचा चिरा, घराच्या पायातला धोंडा अशा किती वीरगळांनी सेवा केली असेल! अलीकडच्या काळात तिसरी आपत्ती आली आहे, ती जीर्णोद्धाराची. देऊळ नवे करताना सिमेंटचा चौथरा घालतात आणि शिळेचा खालचा कप्पा, म्हणजे वीर जिथे मरून पडला आहे तोच भाग, त्यात गाडला जातो. वर ऑईलपेंट: वीर निळा, घोडा पिवळा, अप्सरा गुलाबी. भावना चांगली असते यात शंका नाही. पण कथा सुरुवातीपासूनच कापली जाते. चांगल्या जपणुकीचे उदाहरणही याच मुलखात आहे. वाई तालुक्यातील किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळ मोठ्या संख्येने एकत्र पाहायला मिळतात. कप्प्यांची रचना समजून घ्यायची असेल तर तिथे जावे. दोन-तीन शिळा नीट वाचल्या की पुढच्या आपोआप वाचता येतात.

वस्तू राहिली आणि तिच्या मागचा विश्वास गेला तर काय होते, याचे एक दूरचे उदाहरण देतो. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरात कॅनरी बेटे आहेत. त्यांतील तेनेरीफे बेटावर ग्वांचे नावाचे लोक राहत. उत्तर आफ्रिकेतून आलेले, शेळ्या-मेंढ्या पाळणारे, धातू न वापरणारे. आपल्या प्रतिष्ठित मृतांना ते चामड्यात गुंडाळून, सुकवून गुहांत ठेवीत. १४९४ ते १४९६ या काळात स्पेनच्या सैन्याने तेनेरीफे जिंकले. पुढे ग्वांचे वेगळा समाज म्हणून उरले नाहीत आणि त्यांची भाषाही गेली. आज पुएर्तो दे ला क्रूस या गावी, एका जुन्या घरात, लहानसे पुरातत्त्व संग्रहालय आहे. त्यात त्यांची मातीची भांडी आहेत, मणी आहेत. भांडे आपल्याला हाताने कसे घडवले ते सांगते. पण ते घडवणारी माणसे आकाशातील आचामान या देवाला कशी हाक मारीत, तेइदे ज्वालामुखीच्या पोटातील ग्वायोताला का भीत, हे भांडे सांगू शकत नाही. ते काही अंशी कळते याचे मोठे श्रेय आलोन्सो दे एस्पिनोसा या दोमिनिकन धर्मगुरूंच्या विचारपुशीला जाते. त्यांचे पुस्तक १५९४ मध्ये सेव्हिल येथे छापले गेले.

एस्पिनोसा मूळचे लिहायला बसले होते कांदेलारियाच्या मातेविषयी. त्यांनी दिलेली कथा अशी. बेट जिंकले जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी, दोन ग्वांचे मेंढपाळांची खिल्लारे समुद्राकाठी एका घळीच्या तोंडाशी अडली. पाहतात तो खडकावर बाळ घेतलेल्या स्त्रीची मूर्ती. एकाने दगड उगारला, त्याचा हात आखडला; दुसऱ्याने दगडी सुरीने मूर्तीचे बोट कापू पाहिले, त्याचेच बोट कापले गेले. मग त्यांच्या राजाने मूर्ती सन्मानाने गुहेत नेली. ती पवित्र मरियेची आहे हे पुढे एका बाप्तिस्मा झालेल्या ग्वांचे तरुणाने त्यांना सांगितले. तोवर ते आपल्या रीतीने तिला मान देतच होते. मूळ मूर्ती १८२६ च्या पुरात वाहून गेली. एस्पिनोसांनी वृद्ध मंडळींना विचारून त्या लोकांची रीतभात, मर्तिकाची पद्धत, देवाची नावे लिहून घेतली नसती, तर ती मूर्ती कोणाच्या गुहेत होती हेही आपल्याला कळले नसते. जिंकणाऱ्यांच्याच बाजूचा माणूस होता तो, आणि त्याच्या लिखाणात त्याचा काळ दिसतोच. तरी त्याने विचारले, हे मोठे.

आपल्या इथे परिस्थिती उलटी, आणि म्हणून आशेची आहे. इथे शिळा अजून गावात आहे, गावही तिच्याशी बोलते आहे. दोघांची नोंद मात्र होत नाही. संग्रहालयांकडे पाहावे तर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाचा भर मराठेशाहीवर आहे आणि तो स्वाभाविक आहे. लंडनहून काही काळासाठी आणलेली वाघनखे १९ जुलै २०२४ पासून तिथे मांडली गेली तेव्हा लोकांची रीघ लागली. औंधला भवानरावांनी १९३८ मध्ये उभे केलेले श्रीभवानी संग्रहालय चित्र-शिल्पांसाठी विख्यात आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर निघालेल्या सातवाहनकालीन वस्तू आहेत. रोमकडून आलेला समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा त्यांत प्रसिद्ध आहे. गुरे राखताना मेलेल्या माणसासाठी सातारा-सांगलीत वेगळी खोली मागितली तर ती फार मोठी मागणी होणार नाही.

अशी खोली एका ठिकाणी आहे, आणि ती आपल्या परिचयाच्या वास्तूत आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला आपली कुटुंबे जातात. बॉम जेझू बासिलिकेसमोरचा रस्ता ओलांडला की से कॅथीड्रल आणि त्याच्या मागे असिसीच्या संत फ्रान्सिसचे मंदिर. त्याला लागून असलेल्या फ्रान्सिस्कन मठात १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संग्रहालय आहे. पोर्तुगीज सत्तेने १८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बंद केले तेव्हा मठ ओस पडला होता. आज तिथे व्हाइसरॉयांची तैलचित्रे आहेत आणि त्याच छपराखाली कदंबकाळातील वीरगळ व सतीशिळाही आहेत. काही वीरगळांवर जहाजे आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या भिंतीला टेकून उभा असलेला शिवभक्त वीर पाहून काही भाविक बुचकळ्यात पडतात आणि लगबगीने पुढे जातात. थांबावे. कप्पे खालून वर मोजावेत. सातारा-सांगलीच्या वेशीवरचा वीर आणि हा, दोघे एकाच घडणीचे आहेत हे लगेच कळेल. फरक एवढाच की इथे पाऊस लागत नाही. आणि इथे त्याच्यापुढे नारळ फोडणारेही कोणी नाही.

याच गोव्यातील कदंबांच्या जुन्या राजधानीचा, चांदोरचा शोध घेणारे फादर हेन्री हेरास येशूसंघीय होते. बार्सिलोनाकडचे हे धर्मगुरू १९२२ मध्ये मुंबईत आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. संस्थेला जोडून लहान संग्रहालय उभे केले. त्यात हिंदू, बौद्ध, जैन मूर्ती आणि ख्रिस्ती हस्तिदंती शिल्पे शेजारी शेजारी आहेत. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराईश यांनी १९३१ मध्ये कदंबांचा इतिहास लिहिला. १९५५ मध्ये फादर हेरास वारले. संस्थेला आता त्यांचेच नाव आहे. पाषाणाची विचारपूस करणे हे आपल्या मंडळींना नवे नाही, एवढे यावरून म्हणता येते.

सर्व वीरगळ उचलून संग्रहालयात आणावेत असे मी म्हणणार नाही. गावातून शिळा हलली की तिच्याभोवतीचे बोलणे तिथेच राहते, आणि संग्रहालयात येतो तो फक्त दगड. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, त्यामुळे ते कोणी आपल्या मर्जीने विकणे किंवा परदेशी धाडणे हा गुन्हाच आहे. ज्या शिळा धुण्याच्या दगडाच्या किंवा पायरीच्या कामी आल्या आहेत त्या ग्रामपंचायतीच्या संमतीने उचलून देवळाच्या आवारात ओळीने उभ्या कराव्यात, पायथ्याला सिमेंट न घालता. बाकीच्या जिथे आहेत तिथेच राहोत. त्यांची वही मात्र झाली पाहिजे. हे काम सुटीतली मुलेही करू शकतात. मोजपट्टीने उंची, रुंदी, जाडी घ्यावी. कप्पे किती ते लिहावे. गाई आहेत का, घोडा आहे का, वरच्या कप्प्यात लिंग आहे की जिन, हात आहे का, बांगड्या किती, हे पाहावे. दगडावर खडू किंवा पीठ फासू नये. सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपे असते तेव्हा छायाचित्र घ्यावे, झिजलेली रेघही उठून दिसते. लोक त्या शिळेला कोणत्या नावाने ओळखतात ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, आपल्या पुस्तकी शब्दांत नव्हे. आणि शेजारच्या घरातील म्हातारीला विचारावे की अमावास्येला ती इथे दिवा कोणासाठी लावते. ‘ठाऊक नाही बाळा, सासूबाई लावायच्या’ असे उत्तर आले तरी तेच उतरवून घ्यावे, आणि खाली तारीख घालावी.